थिसलगॉर्मवर डायव्ह करायचंय, तयारी कुठून सुरू करू?

गोडोलीची_लेक (सातारा):
नमस्कार. वय 43. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत लॉरी चालवायला होते. त्यांची पदकं नि कोटाची पितळी बटणं आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. परवा कळलं, तांबड्या समुद्रात थिसलगॉर्म नावाचं मालवाहू जहाज बुडालंय आणि त्याच सैन्यासाठी निघालेल्या बेडफर्ड लॉऱ्या अजून त्याच्या पोटात आहेत. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. पोहता येतं, विहिरीत, पाठीला भोपळा बांधून शिकले. तारकर्लीला एकदा स्कुबा केलंय. आजोबांचं एक बटण तिथं खाली ठेवून यावं असं मनात आहे. जमेल का? घरचे वय काढतात.

विष्णूघाट_सांगली:
ताई, वय आडवं येत नाही. मी 47व्या वर्षी शिकलो. कान, छाती, हृदय मात्र डॉक्टरला दाखवून घ्या.

तारकर्लीला तुम्हाला हात धरून नेलं असेल, ते शिक्षण नव्हे. आधी ओपन वॉटर कोर्स करा. त्यात 200 मीटर न थांबता पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं लागतं, मग 18 मीटरपर्यंत जाता येतं. थिसलगॉर्म 30 मीटरवर बसलंय आणि तिथं पाण्याला ओढ फार, म्हणून पुढचा ॲडव्हान्स कोर्सही हवाच.

खरी विद्या म्हणजे पाण्यात अधांतरी राहणं. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, आणि हात पोटाशी. ते न येता जहाजात शिरलात आणि एकदा जरी पाय झाडला, तरी गाळ असा उठतो की पुरातली कृष्णा. स्वतःचा पंजा दिसत नाही.

म्हणून पहिलं जहाज बालीतलं तुलांबेनचं लिबर्टी करा. 11 जानेवारी 1942 ला जपानी पाणबुडीनं त्याला टॉर्पेडो मारला, तेव्हा ओढत किनाऱ्याला लावलं. 1963 ला आगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि ते घसरून पाण्यात गेलं. गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत उतरायचं, पाचेक मीटरवर जहाज सुरू. आमच्या हवेच्या टाक्या तिथल्या बायांनी डोक्यावर चुंबळ ठेवून आणल्या, एकीच्या डोक्यावर दोन.

थिसलगॉर्म मी दोन वर्षांनी केलं. 6 ऑक्टोबर 1941 च्या रात्री जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, दारूगोळा पेटला, नऊ माणसं गेली. डेकवरची रेल्वे इंजिनं उडून आजूबाजूच्या वाळूत पडली. आत टॉर्च मारला तर लॉरीच्या हौद्यात बीएसए मोटरसायकली उभ्या, टायर जागेवर. मी एकीच्या पुढं थांबलो आणि हवा किती उरली ते बघायचंही विसरलो. तसं करू नका.

बटण मात्र ट्रंकेतच राहू दे. खाली काही ठेवायचं नाही, वर काही आणायचं नाही. बोटवाल्यांनी दोर थेट त्या जहाजाला बांधून त्याचे कठडे मोडलेत, लोकांनी सुटे भाग उचलून नेलेत. माणसं मेलेली जागा आहे ती.

कराडकर_72:
एक राहिलं, ताई. सरावाला मालवणला गेलात तर डायव्ह करून लगेच घाट चढू नका. डायव्हिंगमध्ये समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वर गेलात की ती जागा उंचावरचीच धरतात, आणि सातारा त्याच्या दुप्पट वर. अंगात मुरलेला नायट्रोजन वर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे धरतो. सलग डायव्हनंतर विमानाला निदान 18 तास थांबायला सांगतात, मी घाटालाही तेच लावतो. आम्ही दोन डायव्ह करून त्याच दुपारी निघालो, नेणाऱ्यांनी चकार शब्द काढला नाही. गगनबावड्याला पोचेस्तोवर माझं डावं कोपर असं ठणकायला लागलं की गिअर टाकवेना. कोल्हापुरात ऑक्सिजन लावला, पुढं उपचार घ्यावे लागले. मालवणात एक मुक्काम जास्त करा.

गोडोलीची_लेक (सातारा):
दोघांचे मनापासून आभार. बटण परत ट्रंकेत ठेवलं. काल तलावाचा पास काढला. आज सकाळी 125 मीटरला दम लागला, उद्या सहाला परत जाते.