जुन्या इमारतीतील फ्लॅट घेण्यापूर्वी अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी का?

डोंबिवलीकर: डोंबिवली पूर्वेला १९९२ साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला पसंत पडला आहे. वकिलांनी कागदपत्रे तपासली असून टायटल क्लिअर आहे, आणि एजंट टोकनसाठी (सौद्याच्या आगाऊ रकमेसाठी) घाई करीत आहे. मात्र न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर ताज्या रंगाखाली फुगवटा दिसतो. तपासणी करून घ्यायची झाल्यास मालकांपाशी तो विषय कसा काढावा?

बांधकाम अभियंता: तपासणी टोकन देण्यापूर्वीच करावी, कारण पैसे अडकल्यावर दोष सापडूनही माणूस माघार घेत नाही. तपासणीचा खर्च आपण करू आणि कुठेही तोडफोड होणार नाही, एवढे सांगितले की बहुतेक मालक तयार होतात.

त्याआधी सोसायटीच्या सचिवांकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, शेवटचा अहवाल मागा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढील इमारतीचे दर ३ वर्षांनी व्हायला हवे. तुमची इमारत दुसऱ्या गटात येते. अहवालात सुचवलेली दुरुस्ती प्रत्यक्षात झाली का, हेही विचारा. मग तळमजल्यावरील कॉलम स्वतः पाहा. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक भेगांनी घाबरू नका. परंतु सळीच्या रेषेत सरळ उभी गेलेली, कडेला तांबूस डाग असलेली भेग दिसली, तर आतली सळी गंजून फुगली आहे आणि काँक्रीट फोडू लागली आहे, असे समजावे.

ठाण्याची गृहिणी: ताई-दादा, कोणीही असाल, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना नक्की भेटा. आम्ही उन्हाळ्यात नवा रंग पाहून घर घेतले आणि पहिल्याच पावसाळ्याच्या आत न्हाणीघराच्या छतातून थेंब पडू लागले. अभियंत्याने वरच्या घरातील फरश्या नाण्याने वाजवल्या तेव्हा निम्म्या पोकळ वाजल्या. पाणी त्यांच्या संक स्लॅबमध्ये, म्हणजे न्हाणीघराच्या फरशीखालच्या खोलगट स्लॅबमध्ये, साचत होते. फरशी उखडायला त्यांनी होकार देईपर्यंत आम्ही एक वर्ष बादली ठेवून काढले.

डोंबिवलीकर: मनापासून आभार. मालकांनी परवानगी दिली आहे. रविवारी अभियंता येणार असून, चौथ्या मजल्यावरच्या काकांनीही त्यांचे न्हाणीघर दाखवण्याचे कबूल केले आहे. सचिवांनी अहवाल अजून दिलेला नाही. तो हाती येईपर्यंत टोकन देणार नाही, असे एजंटला कळवले आहे.