गाढ झोप: कुणाला कशाने साधली?

सात तास अंथरुणात असते, तरी उठताना अंग आंबलेलं. मनगटावरचं घड्याळ म्हणतं, गाढ झोप ३८ मिनिटं. पूर्वी डोकं टेकलं की ढाराढूर. तुमचे अनुभव सांगा, फसलेले उपायसुद्धा.

— माझी कॉफी नडली. पिऊनही पडल्या पडल्या झोप लागते, असं मी छातीठोकपणे सांगायचो. लागायची खरी, खोल जायची नाही. कॅफिन निम्मं ओसरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी ६ चा कप रात्री ११ ला अर्धा अंगात. दुपारनंतर बंद केली. पहिले काही दिवस डोकं ठणकलं, तेवढं सोसा.

— यांच्या घोरण्याला सगळं घर हसायचं. एका रात्री घोरणं मध्येच थांबलं. हुश्श झालं. मग लक्षात आलं, श्वासही थांबलाय! मी मोजायला लागले. सतराला ते गचका देऊन दचकले, कूस बदलली, पुन्हा घोरणं सुरू. सकाळी विचारलं तर काही आठवेना. तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला. श्वास अडला की मेंदू झोपेतून वर ओढतो, रात्रभर. गाढ झोप येणार कुठून? आता सीपॅप मशीन लावतात, ते मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. आधीचा मुखवटा झोपेतच ओढून फेकायचे. फक्त नाकावर बसणारा घेतल्यावर जमलं. घोरणारा माणूस दिवसा पेंगत असेल तर उशा बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

— रात्री एक पेग घेतला की मस्त झोप, हे मीही म्हणायचो. पहाटे ३ ला टक्क जागा. सोडली.

— मी रात्रपाळीवाली, मला १० ला झोपायला सांगू नका! जाड काळे पडदे, फोन दुसऱ्या खोलीत. दाराची बेल काढून ठेवली, त्यावरून घरात महाभारत झालं.

— वय ६८. गाढ झोप वयाबरोबर कमी होतेच, हे कळल्यावर निम्मी काळजी गेली. शिवाय ती बरीचशी रात्रीच्या पूर्वार्धातच उरकते. पहाटे चारला जाग आली म्हणून हळहळत नाही. उठायची वेळ मात्र ठरलेली, रात्र कशीही जावो.

सगळ्यांचे आभार. गाढ झोपेच्या मंद लहरी मेंदूत उठतात. घड्याळ बिचारं नाडी आणि हालचालीवरून अंदाज बांधतं. तरी डोळे उघडताच मी आधी आकडा बघायचे आणि मगच दमल्यासारखं वाटायचं. चार दिवस झाले, ते कपाटात आहे. मनगटावर पट्ट्याचा वळ अजून दिसतो.