फ्लॅटमधलं मांजर: कोंडलेलं की सांभाळलेलं?

मृण्मयी (धागाकर्ती)

परवा एका चर्चेत कुणीतरी लिहिलं, "चौथ्या मजल्यावर मांजर पाळणं म्हणजे त्याला जन्मठेप." मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

पुण्या-मुंबईत मांजर घरातच ठेवावं, या मताची मी आहे. बाहेर गाड्या आहेत, कुत्री आहेत, उंदरांसाठी टाकलेलं विष आहे आणि ते विष खाल्लेले उंदीरही. मांजर कंटाळतं ते दार बंद असतं म्हणून नाही, शिकारीला काही नसतं म्हणून. बाहेरचं मांजर दिवसभरात अनेक छोट्या शिकारी करतं. दबा धरायचा, झेप घ्यायची, पकडायचं, खायचं. आपण वाटीत दाणे ओततो आणि सगळं एका मिनिटात उरकतं. मग रात्री तीनला ते पांघरुणातून आपले पाय पकडतं, यात नवल काय?

शिकार घरातही देता येते. काठीला दोरी, दोरीला पीस. पण ते मांजराच्या नाकासमोर नाचवू नका; कुठलाच उंदीर मांजराच्या तोंडाकडे धावत येत नाही. पीस सोफ्याच्या पायामागे सरकवा, तिथेच थांबवा, टोक जरासं थरथरू द्या. मांजर पोट जमिनीला टेकवतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, मागचा भाग डोलायला लागतो, की समजा झेप आली. शेवटी पीस त्याला धरू द्या आणि लगेच जेवण द्या. खाऊन, अंग चाटून ते झोपतं. लेझरचा ठिपका मी वापरत नाही, कारण पंजाखाली काहीच लागत नाही. आणि खेळ संपला की काठी कपाटात. दोरा पोटात गेला तर आतडं गोळा होतं, ऑपरेशनवर जातं.

सावंतवाडीकर

मृण्मयीताई, तुमची माया खरी आहे, पण जरा मांजराच्या बाजूने बघा. आमच्याकडे भाटी पिल्लं घेऊन आज माळ्यावर, उद्या लाकडांच्या खोपीत, परवा पडवीत. कुठे बसायचं, कुणाला टाळायचं, कधी उन्हाला पडायचं, हे ती ठरवते. तुमच्या काठीच्या खेळात वेळ तुमची आणि जागाही तुमची.

आणि रोज खेळणार कोण? नवरा-बायको सकाळी नऊला बाहेर पडतात, रात्री आठला दमून येतात. माझ्या पाहण्यातली शहरातली बहुतेक मांजरं लठ्ठ आहेत. ज्याला संध्याकाळी वेळ नाही, त्याने मांजर पाळू नये, असं मी सरळ म्हणतो.

नाशिकची_रेवा

मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दादांचा लठ्ठपणाचा मुद्दा खरा आहे. घरात बसून राहणारे जाड बोके लघवी अडल्यामुळे येतात. बोका शी-शूच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टर गाठा. सुकं खाणं कमी, ओलं जास्त, पाण्याची भांडी जेवणापासून लांब, आणि जितकी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्त.

पण बाहेरून येणाऱ्या केसेस मला जास्त रडवतात. पॅनल्युकोपेनिया या विषाणूच्या आजाराने गेलेली पिल्लं, बोक्यांच्या मारामारीतले पिकलेले गळू. तो विषाणू बुटांनाही चिकटून घरात येतो, त्यामुळे घरातल्या मांजराचीही लस चुकवू नका. पुष्पगुच्छात लिली आली तर तो घरात ठेवूच नका. तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंड निकामी होतं.

रेडिंगवासी

इंग्लंडमध्ये उलटी परिस्थिती आहे. इथे मांजर बाहेर जाणारच, असं बहुतेक लोक धरून चालतात आणि दाराला त्याच्यासाठी झडप बसवतात. एक्सेटर विद्यापीठाने 2021 मध्ये अशाच शिकारी मांजरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकांनी रोज 5 ते 10 मिनिटं शिकारीसारखा खेळ घेतला, तर मांजरांनी घरी आणलेली शिकार 25 टक्क्यांनी घटली. मांसाचं प्रमाण जास्त असलेल्या खाण्याने 36 टक्क्यांनी. म्हणजे इतक्या थोड्या वेळानेही फरक पडतो. दमून आलेल्या माणसालाही तेवढं जमावं.

सावंतवाडीकर

25 टक्के घटली, म्हणजे पाऊण शिकार उरलीच ना? दार उघडं असल्यावर मांजराला खेळ पुरला नाही, असाच मी याचा अर्थ लावतो.

मृण्मयी

दादा, त्या मांजरांना बाहेर रोज पक्षी दिसत होते, तरीही इतका फरक पडला, असा मी लावते.

पण मांजराने स्वतः ठरवण्याचा तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मांजराला चौरस फुटांपेक्षा उंची लागते. पुस्तकांच्या कपाटावरचा एक खण रिकामा करा आणि तिथवर चढायला दोन फळ्या ठोका. पाहुणे आले की ते वर जाऊन बसेल, आणि तिथून त्याला कुणीही उचलून आणायचं नाही. नखांसाठी लाकडी ओंडक्याला सुंभ घट्ट गुंडाळा, पूर्ण ताणून उभं राहता येईल इतका उंच. तो कोपऱ्यात लपवू नका, जिथे झोपून उठतं तिथेच ठेवा.

एक आपल्याकडचीच वनस्पती सांगते. पावसाळ्यात कुंड्यांमधून खोकलीची रोपं आपोआप उगवतात. तिच्या मुळाच्या वासाने कितीतरी मांजरं लोळण घेतात, कॅटनिप या महागड्या परदेशी वनस्पतीच्या वासाने घेतात तशीच. मी मूळ फक्त हुंगायला देते, खायला नाही. काही मांजरं ढुंकूनही बघत नाहीत, त्याला इलाज नाही.

ओंकार_ठाणे

गॅलरीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालेल का?

नाशिकची_रेवा

एकटी नको, मांजर ती चावून भोक पाडतं. स्टीलची बारीक जाळी लावा. उभ्या तारांच्या ग्रिलमधून पिल्लू सहज निसटतं. मांजर पायांवर पडतं म्हणून निर्धास्त राहू नका. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या 132 मांजरांची पाहणी 1987 मध्ये छापून आली होती. उपचारांनी सुमारे 90 टक्के वाचली हे खरं, पण अनेकांच्या छातीला मार होता, जबडे फुटले होते.

सावंतवाडीकर

जाळी, फळ्या, रोजचा खेळ इतकं करणार असाल तर घरातच जन्मलेल्या पिल्लाबद्दल मी वाद घालणार नाही. पण जन्म पार्किंगमध्ये काढलेला मोठा बोका दया येऊन वर आणतात आणि दार लावून घेतात, त्याला माझा विरोध कायम आहे. रात्रभर दाराशी ओरडतो तो.

मृण्मयी

तो रुळत नसेल, तर मीही त्याला वर आणणार नाही. त्याची नसबंदी करा, रेबीजची लस द्या, आणि रोज ठरलेल्या वेळी, गाड्यांपासून लांब, एकाच जागी खायला घाला. पिल्लांच्या बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. पिल्लू आणायचंच असेल तर एकाच वेतातली दोन आणा. तुम्ही ऑफिसात असताना ती एकमेकांची शिकार करतील.