मदत हवी आहे: साडेतीन महिन्याच्या लॅब्राडोर पिल्लासाठी कोणतं सुकं फूड घ्यावं?

राम राम मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडल्या खेड्यातला. मावसभावानं लॅब्राडोरचं पिल्लू आणून देलं, साडेतीन महिन्याचं आहे, वजन 11 किलो भरलं (सोयाबीन मोजाच्या काट्यावर ठेवलं, एका जागी थांबेल तर शपथ). आतापर्यंत दूध-भाकर अन वरण-भात चालू होता पण दुधानं पोट बिघडते त्याचं, आई म्हणते वावरातले कुत्रे भाकरीवरच वाघासारखे झाले, तुह्यालेच कायले पोत्यातलं पाहिजे.

तालुक्याच्या एका दुकानातून किलोभर सुटं आणलं तर खवट वास येत होता, पोतं कधीचं उघडं पडलं होतं देव जाणे, पिल्लानं हुंगलं अन तोंड फिरवलं. आता सीलबंदच घेतो.

वाचलं का लॅबसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाले लार्ज ब्रीड पपी वालंच द्या, कॅल्शियम जास्त झालं तर वाढत्या हाडाले त्रास होते, म्हणून वरून कॅल्शियमचं सिरपही देऊ नका म्हणतात, अन घरी तर बाटली आणून ठेवली आहे! मग पेडिग्री कंपनीचं घ्यावं का ड्रूल्सचं, का अजून काही? दिवसातून तीनदा देतो, बरोबर आहे का? जुनं खाणं हळूहळू कमी करत 7-10 दिवसात बदलायचं हे माहीत आहे, पण सोबत उकडलेलं अंडं चालते का? अन आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडलेली बॅग कशी ठेवता तुम्ही, पत्र्याच्या डब्यात का?

महिन्याले दोन हजाराच्या आत बसेल असं सांगा भाऊ.