एका अक्षराच्या बदलासाठी सुधारित प्रोब खरंच लागतात का?

प्रकाशकण:
"सायबर ग्रीन असताना महागडे प्रोब कशाला?" हे हल्ली फार ऐकू येतं. पीसीआरने डीएनएचा तुकडा वाढवताना तो दिसावा म्हणून एक तर सायबर ग्रीनसारखा चमकणारा रंग (डाय) टाकतात, नाहीतर प्रोब, म्हणजे ठरावीक क्रमालाच चिकटणारा छोटा तुकडा. मला अजिबात पटत नाही. सायबर ग्रीन कुठल्याही दुपदरी डीएनएवर चमकतो. हवा तो तुकडा वाढलाय की प्रायमरच (वाढ सुरू करून देणारे छोटे तुकडे) एकमेकांना चिकटून वाढलेत, हे त्या चमकेवरून कळत नाही. १९९६ साली त्यागी आणि क्रेमर यांनी मांडलेला मॉलिक्युलर बीकन बघा. हेअरपिनसारख्या दुमडलेल्या या प्रोबच्या एका टोकाला फ्लोरोफोर (चमकणारा रेणू), दुसऱ्याला क्वेंचर (ती चमक दाबणारा). मधला फास नेमक्या क्रमाला जुळला तरच टोकं लांब जातात आणि उजेड पडतो. प्रोबमध्ये एलएनए (साखर बदललेलं अक्षर) घातला तर आणखी फायदा. त्यातली साखर पुलाने जखडलेली असते, त्यामुळे एकेका एलएनएमागे वितळण्याचं (दोन पदर सुटण्याचं) तापमान साधारण २ ते ८ अंशांनी चढतं. म्हणून प्रोब आखूड ठेवता येतो, आणि आखूड प्रोबला एक चुकीचं अक्षरही झेपत नाही.

साधाडाय:
ते चिकटलेले प्रायमर (प्रायमर डायमर) मेल्टिंग कर्व्हवर, म्हणजे तापमान वाढवत चमक मोजणाऱ्या आलेखावर, वेगळे दिसतात की! चांगला डाय घेऊन हाय रिझोल्यूशन मेल्टिंग (हेच वितळणं फार बारकाईने मोजणं) केलं तर एका अक्षराचा बदलही पकडता येतो. शिवाय प्रोबला आपण विचारलं तेवढंच दिसतं. कोरोनाच्या अल्फा प्रकारात एस जीनमधली (विषाणूच्या काट्याच्या प्रथिनाचं जनुक) ६९-७० ही जागा गळाली आणि काही किटमधला त्या जीनचा प्रोब गप्प बसला.

प्रकाशकण:
ए च्या जागी टी आला तर तापमानात नगण्य फरक पडतो, तिथे तुमचा कर्व्ह अडखळतो. आणि एस गप्प, बाकीची लक्ष्यं पॉझिटिव्ह, याच खुणेवरून अल्फाचा प्रसार मोजला गेला. प्रोबचं गप्प बसणंही माहिती देतं.

निदानवाली:
इथेच माझा आक्षेप आहे. क्षयरोगाच्या पहिल्या एक्सपर्ट या पीसीआर चाचणीत जिवाणूच्या आरपीओबी जनुकाच्या ८१ अक्षरांवर पाच बीकन होते. त्यातला एखादा उजळला नाही की रिफाम्पिसिन या औषधाला प्रतिरोध, असा निकाल. पण कोडॉन (तीन अक्षरांचा गट) ५१४ वर टीटीसी चं टीटीटी झालं तरी अमिनो आम्ल तेच राहतं, औषध चालतं. बीकन मात्र विझतो. रुग्णाचं सर्वात कामाचं औषध अशा निकालामुळे बंद होऊ शकतं. गप्प बसण्याचा अर्थ एकच नसतो हो.

प्रकाशकण:
हा मुद्दा मान्य. पण पुढच्या अल्ट्रा चाचणीत प्रोब फेकून नाही दिले. चार प्रोब ठेवून प्रत्येकाचं वितळण्याचं तापमान वाचायला घेतलं, आणि ५१४ चा तो निरुपद्रवी बदल वेगळा ओळखता येऊ लागला.

साधाडाय:
म्हणजे शेवटी मेल्टिंगच कामी आलं!

प्रकाशकण:
प्रोबचं मेल्टिंग, डायचं नाही. अख्खा तुकडा वितळवला की एका अक्षराचा फरक त्यात बुडून जातो. आखूड प्रोबवर तोच फरक काही अंशांचा होतो.

रामनरेषा:
फ्लोरोसन्सचे पट्टे रुंद, एका नळीत पाच-सहा रंगांपलीकडे जाणं अवघड. सरफेस एन्हान्स्ड रामनच्या (धातूच्या कणांजवळ विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या) रेषा बारीक असतात, एकाच लेझरवर कितीतरी जास्त खुणा वाचता येतात.

निदानवाली:
रेषा बारीक आहेत, पण सोन्या-चांदीच्या कणांमधल्या फटीनुसार सिग्नल जागोजागी बदलतो. आज आणि उद्या आकडा सारखाच येईल तेव्हाच मी त्यावर रुग्णाचा रिपोर्ट देईन. तोवर प्रोबच, पण वितळण्याच्या तापमानासकट.