डब्यातल्या पंपकिनऐवजी मंडईतला तांबडा भोपळा : प्रमाण कसं धरायचं?

लोफटिन
अमेरिकन रेसिपीत ‘१५ औंसचा एक कॅन पंपकिन’ असं लिहिलेलं असतं. कोल्हापुरात तो डबा हुडकत फिरण्यापेक्षा कपिलतीर्थ मंडईतनं भोपळ्याची फाक आणणं सोपं. पण एका कॅनला किती भोपळा घ्यायचा? कुकरला लावला तर चालेल का? घारग्यांना शिजवतो तसाच घातला की पंपकिन लोफ (लांबट टिनमधला केक) वरून छान भाजतो आणि तळाला बोटभर चिकट थर राहतो. मैदा वाढवावा का? टिन ९×५ इंची, ओव्हन साधा ओटीजी.

वजनकाटा
मैदा वाढवू नका. लोफ रबरासारखा होतो आणि तळ तरीही ओलाच राहतो. दोष पाण्याचा आहे, ते आधी काढा.

घारग्यांत चालतं, कारण तिथं भोपळा-गूळ मागेल तेवढी कणीक आपण घालत जातो. केकमध्ये मैदा आधीच मोजलेला असतो, जास्तीचं पाणी प्यायला कोणी नसतं. डब्यातल्या गरात साधारण ९० टक्के पाणी असतं, पाण्यात उकडून निथळलेल्या भोपळ्यात ९३-९४. फरक किरकोळ वाटतो, पण उलटं बघा की : १०० ग्रॅममागे डब्यात १० ग्रॅम ऐवज, तुमच्याकडे जेमतेम ६. म्हणजे पाणी जास्त आणि चवही निम्म्यावर.

१५ औंस म्हणजे ४२५ ग्रॅम, कपाने पावणेदोन कप. एक कप गर २४५ ग्रॅम धरा. कपापेक्षा काटा वापरा, कारण सैल गर कपात मावतो तेवढाच पण त्यात पाणीच जास्त.

एका कॅनसाठी साल-बियांसकट १ किलोची फाक घ्या. गर गडद केशरी, घट्ट आणि जाड हवा. बियांजवळचा भाग बुळबुळीत झालेला असेल तर सोडून द्या. फिकट पिवळा, पाणचट भोपळा कितीही आटवला तरी चव येत नाही. आणि कोहळा नव्हे हं, तो पेठ्याला.

कुकर चालेल, पण भोपळ्यात पाणी घालायचं नाही. मोठे तुकडे, साल खाली ठेवून डब्यात लावा, डब्यावर झाकण ठेवा. उघडा ठेवलात तर झाकणावरून ठिबकणारं वाफेचं पाणी सगळं गरात उतरतं. दोन शिट्ट्या पुरे. डब्याच्या तळाशी सुटलेलं पाणी वेगळं काढा, पोळीची कणीक मळायला उत्तम.

त्याहून चांगलं म्हणजे ओटीजीत भाजणं. २०० अंश, कापलेली बाजू ट्रेला टेकवून ३५-४० मिनिटं, मग उलटून आणखी १० मिनिटं, म्हणजे वाफ निघून जाते. सुरी सहज आरपार गेली की झालं. गर चमच्याने खरवडा, मलमलीच्या फडक्यात बांधून २-३ तास टांगा.

पुरणयंत्र
भाजण्यापर्यंत सहमत, टांगण्याला नाही. फडक्यातून पाण्याबरोबर भोपळ्याची साखरही गळून जाते. त्यापेक्षा जाड बुडाच्या पसरट कढईत मध्यम आचेवर १०-१५ मिनिटं परता. उलथन्याने मधोमध रेघ ओढायची. रेघेत पाणी भरून येत नसेल आणि तळ दोन क्षण दिसत राहिला तर झालं. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वजन करा. कुकरचा ६५०-७०० ग्रॅम गर ४२५ वर आणायचा असतो. भाजलेला असेल तर कमी आटवावा लागतो.

आटवायच्या आधी गर गरम असताना पुरणयंत्रातून काढा. मिक्सर रेषे बारीक करतो, काढत नाही, आणि जाड गर फिरत नाही म्हणून हात पाण्याकडे जातोच. यंत्राच्या जाळीवर रेषे आपोआप मागे राहतात.

गर पूर्ण गार झाल्यावरच अंडी घाला. आणि फ्रिजमधला थंडगार गरही तसाच वापरू नका, फेटलेलं लोणी फाटतं.

वजनकाटा
घाई नसेल तर कढई बरी, मान्य. फडक्यातलं पाणी आटवून दोन चमचे करायचं आणि गरात परत घालायचं, असाही मार्ग आहे. पण एवढं करण्यापेक्षा तुमची रेघ सोपी.

लोफटिन
आता पंपकिन पायचं (pie, भोपळ्याचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) विचारतो. त्यात इव्हॅपोरेटेड मिल्कचा डबा लागतो, मिल्कमेड चालेल का? ब्राउन शुगरऐवजी आपला गूळ घातला तर? आणि जास्तीचा गर बरणीत भरून ठेवता येईल का?

पुरणयंत्र
मिल्कमेड नको, त्यात साखर ठासून भरलेली असते. इव्हॅपोरेटेड मिल्क म्हणजे नुसतं आटवलेलं दूध, डबा ३५४ मिलीचा. आपल्याकडचं म्हशीचं दूध दाट असतं, त्यामुळे ६०० मिली आटवून ३५० केलं की पुरतं. गाईचं असेल तर पाऊण लिटरपासून सुरुवात करा. साय मोडत राहा, नाहीतर पायमध्ये गुठळ्या दिसतात.

गूळ वजनाला वजन चालतो. कोरडा, चिरलेला घ्या. काकवी नको, परत ओलावा वाढतो. गूळ कोमट गरात विरघळवा, गाळा, गार होऊ द्या, मग दूधही गारच घाला. गरम दुधात गूळ पडला की काय होतं ते खीर करणाऱ्यांना सांगायला नको.

९ इंची पायला ४२५ ग्रॅम गर, ३५० मिली दूध, १५० ग्रॅम गूळ, २ अंडी, १ चमचा दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा लवंगपूड, चिमूट मीठ. २२० अंशावर १५ मिनिटं, मग १७५ वर ४०-५०. कडा बसलेल्या आणि मधला दोन इंचाचा भाग किंचित थरथरणारा असतानाच बाहेर काढा. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवलात तर अंडं आवळतं, वर भेग पडते आणि पाणी सुटतं. मग दोष भोपळ्याला देतात.

एक बघून घ्या : रेसिपीत ‘पंपकिन पाय फिलिंग’ लिहिलं असेल तर त्या डब्यात साखर-मसाला आधीच असतो. साध्या गराने तीच रेसिपी केली की अळणी लागते.

वजनकाटा
बरणीत भरू नका. भोपळ्याला आंबटपणा नाही आणि गर इतका दाट की घरच्या कुकरमध्ये बरणीच्या मध्यापर्यंत उष्णता नीट पोचत नाही. हवाबंद बरणीत बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढू शकतात, वास-रंग न बदलताही. लोणच्याचा नियम इथं लागू नाही.

फ्रिजमध्ये ३-४ दिवस, फ्रीझरमध्ये ३ महिने. पिशव्या २४५ आणि ४२५ ग्रॅमच्या करा, चपट्या दाबून ठेवा, वर वजन लिहा. वितळल्यावर थोडं पाणी सुटतं. ते ओता, पुन्हा तोला, आणि कमी भरलं तर नवा गर घालून वजन पुरं करा, पाण्याने नको.