वडिलांसाठी ऑडिओ सिस्टीमचा साधा, कमी बटणांचा रिमोट कुठला घ्यावा?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीला घरी बाबांकडे यामाहाचा आर-एस२०२ रिसिव्हर (रेडिओसकट ॲम्प्लिफायर) आहे, दोन बुकशेल्फ स्पीकर, एक जुना सीडी प्लेअर, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स. टीव्हीचा आवाजही रिसिव्हरमधूनच येतो, हेडफोनच्या सॉकेटमधून वायर काढून रिसिव्हरच्या लाइन १ सॉकेटला दिलीय. म्हणजे टेबलावर एकूण चार रिमोट. बाबा ७८ वर्षांचे, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि रिसिव्हरच्या रिमोटवरची अक्षरं इतकी बारीक की मलाच खिडकीशी नेऊन वाचावी लागतात. त्यांना हवंय काय तर सकाळी एफएम, दुपारी भीमसेनजींची नाहीतर कुमारांची सीडी आणि रात्री बातम्या, बास. पण एखादं बटण चुकून दाबलं गेलं की आवाजच बंद होतो आणि मग परत कसं आणायचं ते कळत नाही, म्हणून आई सांगत होती की हल्ली कोणी घरात असलं तरच लावतात, एरवी नुसते बसून असतात. जन्मभर गाणं ऐकलेला माणूस हो, हे ऐकून फार वाईट वाटलं.

मी पुण्यात असतो, येऊन-जाऊन करतो. चालू-बंद, आवाज, म्यूट आणि तीन सोर्स (एफएम, सीडी, टीव्ही) एवढंच असलेला एक रिमोट पाहिजे. मोबाईलवरचं ॲप नको, बाबा साधा फोन वापरतात. काय घेऊ?

सोल्डरगन
आधी एक करा, चारही रिमोट इन्फ्रारेड आहेत का बघून घ्या. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करायचा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबायचं, स्क्रीनवर जांभळट-पांढरा उजेड लुकलुकला तर इन्फ्रारेड. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा फिल्टर असतो त्यामुळे त्यात दिसत नाही. काहीच दिसलं नाही तर तो ब्लूटूथ रिमोट असेल, आणि त्याची नक्कल साध्या रिमोटला करता येत नाही. तुमचा रिसिव्हर आणि जुना सीडी प्लेअर नक्की इन्फ्रारेडच असणार, शंका आली तर टीव्हीची आणि बॉक्सची.

दुसरं म्हणजे दुकानात "युनिव्हर्सल" म्हणून जे मिळतात त्यातले बरेचसे कोडवाले असतात, त्यांच्यात मुख्यतः टीव्हीचे कोड, म्हणजे सिग्नल, आधीच भरलेले. ऑडिओ रिसिव्हरचा कोड सापडला तरी आवाज आणि पॉवर चालतात, एफएम किंवा सीडी निवडायचं बटण त्यात नसतंच. तुम्हाला लर्निंग रिमोट पाहिजे, म्हणजे मूळ रिमोट समोर धरून एकेक बटण शिकवायचं. असे मोठ्या बटणांचे रिमोट ऑनलाइन मिळतात, पुण्यात आहात तर तपकीर गल्लीत जाऊन हातात घेऊन बघा, मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोड. घेताना विचारायचं की सेल काढल्यावर शिकवलेलं पुसलं जातं का, काही स्वस्तातल्यांचं पुसलं जातं आणि मग सेल बदलले की तुम्हाला सांगली गाठावी लागेल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे कृपया लक्षात ठेवा. या रिमोटवर वर टीव्ही, ऑडिओ, सीडी अशी मोडची बटणं असतात. वयस्कर माणूस अडकतो तो तिथेच. आवाज वाढवायला जातो, रिमोट टीव्हीच्या मोडमध्ये असतो, काहीच होत नाही, मग तो दुसरं काहीतरी दाबतो. त्यामुळे सगळी बटणं एकाच मोडमध्ये शिकवा. आवाज रिसिव्हरचा, एक नंबरला एफएम, दोनला सीडी, तीनला लाइन १, आणि प्लेचं बटण सीडी प्लेअरच्या रिमोटवरून शिकवलेलं. रिमोटला फरक पडत नाही कुठलं बटण कुठल्या यंत्राचं, त्याला फक्त सिग्नल माहिती. मोडचं बटण परत दाबायची वेळच येऊ द्यायची नाही.

शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर, ऊन आणि सीएफएलपासून लांब, दोन्हीत नवे सेल. मूळ बटण दाबून धरायचं नाही, नीट एकदा दाबायचं.

मीरा_नाशिक
दादा, रिमोट विकत घ्यायच्या आधी बॉक्सचा रिमोट उलटसुलट करून बघा. डीटीएच आणि केबलच्या बऱ्याच रिमोटवर एका कोपऱ्यात टीव्हीसाठी म्हणून चार-पाच बटणं वेगळी असतात, सेट, पॉवर, एव्ही, आवाज कमी-जास्त. ती लर्निंगच असतात. लोक त्यात टीव्हीचा आवाज भरतात, आम्ही सासऱ्यांसाठी त्यात ॲम्प्लिफायरचा आवाज आणि पॉवर भरला. हातातला सवयीचा रिमोट तोच राहिला, नवीन काही शिकायला नको, खर्च शून्य. साधारण सेट दाबून धरलं की लाल दिवा लागतो, मग भरायचं ते बटण दाबायचं, मग समोरून मूळ रिमोटचं. तुमच्या कंपनीची पद्धत थोडी वेगळी असू शकेल.

त्याच्याबरोबर टीव्हीचा हेडफोनचा आवाज एकदा साधारण पाऊण भागावर लावून ठेवा आणि त्याला परत हात लावू नका. दोन ठिकाणी आवाज बदलत असला की घरातलं कोणीच सांगू शकत नाही नेमका कुठे कमी झालाय.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत बरीच वर्षं लॉजिटेक हार्मनी हा युनिव्हर्सल रिमोट वापरला, फार चांगला होता, पण कंपनीने २०२१ मध्ये ते बनवणं बंद केलं. कोणी भारतात नेताना सेकंडहँड हार्मनी घे म्हणेल तर तुमच्या कामाला नको, त्याचं सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवरून होतं, उद्या तो बंद झाला तर पुढे काय? सोफाबॅटन नावाचे नवीन आलेत, चांगले आहेत पण ते ॲपवरून सेट करावे लागतात आणि बटणंही भरपूर, बाबांसाठी मी नाही घेणार. सोल्डरगन म्हणतात तेच बरोबर वाटतं. एक विचारतो, एकाच बटणात सगळं चालू होईल असा मॅक्रो ठेवला तर?

सोल्डरगन
@जर्सीकर मॅक्रो नकोच. यातल्या बऱ्याच यंत्रांचं पॉवरचं बटण एकच असतं, तेच चालू आणि तेच बंद. रिमोट सगळ्यांना सिग्नल पाठवतो पण मधे कोणी उभं असलं आणि एका यंत्राला सिग्नल पोचला नाही की एक चालू आणि एक बंद, मग बटण परत दाबलं की पुन्हा उलटं. ज्यांच्या यंत्राला चालूचा वेगळा आणि बंदचा वेगळा कोड असतो त्यांनी खुशाल करावा.

@मीरा_नाशिक तुमचं उत्तर माझ्यापेक्षा आधी यायला हवं होतं, टीव्ही आणि आवाज एवढंच असेल तर तेच करावं. यांना सीडी आणि एफएमही लागतंय म्हणून वेगळा रिमोट.

पाटील_बारामती
माझ्याकडे साउंडबार आहे, मला पण हेच करावं लागेल का?

मीरा_नाशिक
नाही हो काका, साउंडबार टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय सॉकेटमध्ये लावा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला ॲनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिमलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. मग टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सांगलीला आलोय. मोठ्या बटणांचा लर्निंग रिमोट आणला, सगळं एकाच मोडमध्ये भरलं, एक-दोन-तीन नंबरला सोर्स. बाबांनी सकाळी स्वतः एक दाबून एफएम लावला आणि मग चहा होईपर्यंत तिथेच बसून होते. टीव्हीचं चॅनल बदलायला बॉक्सचा रिमोट ठेवलाय, त्यात मीराताईंनी सांगितलं तसा रिसिव्हरचा आवाज भरला. बाकीचे तीन कपाटात.

दोन अडचणी. आवाजाचं बटण दाबून धरलं तर एकच पायरी वाढते, परत परत दाबावं लागतं. आणि बाबांचा अंगठा मोडच्या बटणावर जातोच, वरून चिकटपट्टी लावली तर खरवडून काढतात.

सोल्डरगन
आवाजाचं असं होतं कारण यामाहासारखे रिमोट दाबून धरल्यावर पूर्ण कोड परत पाठवत नाहीत, फक्त "तेच चालू ठेव" असा छोटा सिग्नल पाठवतात, आणि स्वस्त लर्निंग रिमोट नेमका तो पकडत नाही. मूळ बटण किंचित जास्त वेळ दाबून एकदा परत शिकवून बघा, काही रिमोटमध्ये जमतं. नाही जमलं तर राहू द्या, हळूहळू वाढणं स्पीकरला आणि आईंच्या कानाला बरंच.

मोडच्या बटणाला वरून पट्टी लावू नका, आतून बंद करा. सेल काढा, मागचा स्क्रू काढा, कडेने जुन्या एटीएम कार्डाने हळूच उघडा. आत रबराची एक अख्खी चादर दिसेल, प्रत्येक बटणाखाली काळा ठिपका, आणि तो जिथे टेकतो तिथे सर्किटवर कंगव्यासारखी नक्षी. मोडच्या बटणाखालच्या नक्षीवर इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा लावा. बटण वरून तसंच दिसेल, दाबलंही जाईल, पण काही होणार नाही. जी जी बटणं नकोत त्या सगळ्यांना तसंच करा. फक्त टेप लावायच्या आधी रिमोट बरोबर त्याच मोडमध्ये आहे ना ते बघा, आणि हा सेल बदलल्यावर पहिल्या मोडवर जाणारा असेल तर सगळं पहिल्याच मोडमध्ये शिकवलेलं असू द्या.

कृष्णाकाठ
तिसऱ्या मोडमध्ये शिकवलंय! आत्ताच परत करायला बसतो, टेप आहे घरात.